अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर परत मतदान का होतं?

प्रश्न: यंदा पहिल्यांदाच मत देणारे. मैत्रीण म्हणते जॉर्जियात सगळ्यात जास्त मतं मिळाली तरी जिंकेलच असं नाही, खरंय का?

उत्तर १: हो खरंय. सिनेटर असो की गव्हर्नर, निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत रनऑफ, म्हणजे परत मतदान. २०२२ ला सिनेटच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार वॉर्नॉक पुढे होते पण ५० टक्क्यांना थोडे कमी पडले, मग ६ डिसेंबरला परत मतदान होऊन रिपब्लिकन वॉकरना हरवून निवडून आले. त्यामुळे नोव्हेंबरात मत दिलं की झालं असं अजिबात समजू नकोस, रनऑफलाही नक्की जा!

उत्तर २: राष्ट्राध्यक्षाला मात्र हा नियम नाही. २०२० ला बायडन ५० टक्क्यांखाली राहूनही ११,७७९ मतांनी जिंकले.

उत्तर ३: फोटो आयडी घेऊन जा. स्क्रीनवर निवडलं की कागद छापून येतो, तो स्कॅनरमधे टाकायच्या आधी नावं नीट वाच गं, घाई करू नकोस.