व्ही-क्रॉस, हायलक्स आणि भारतातील हौशी पिकअपचा बाजार

सह्यवाट (धागाकर्ता)

इसुझूने २०१६ च्या मे महिन्यात डी-मॅक्स व्ही-क्रॉस भारतात आणली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत साडेबारा लाखांच्या आसपास होती. पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा, डिझेल इंजिन, फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) आणि खाजगी नोंदणीची पांढरी पाटी, असे ते मिश्रण होते. टाटांची झेनॉन एक्सटी आणि महिंद्रांची स्कॉर्पिओ गेटवे यांनी हा प्रयोग आधीच करून पाहिला होता आणि दोन्हींनी बाजारातून निरोप घेतला होता किंवा त्या घेण्याच्या बेतात होत्या. पुढे २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, तीही जवळपास चौतीस लाखांना. दशक उलटले तरी या वर्गात लक्षात राहतील अशी नावे एवढी दोनच आहेत.

माझे मत असे की, या गाड्यांना भारतात दीर्घकाळ टिकणारा आणि वाढणारा बाजार नाही. पहिले कारण किमतीचे आहे. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर व्ही-क्रॉस वर्षभर बाजारात नव्हतीच, आणि मे २०२१ मध्ये १.९ लिटर इंजिन घेऊन परतली ती वीस लाखांच्या घरात. ज्या ग्राहकाने साडेबारा लाखांत थोडे वेगळे काही घेण्याचे धाडस केले असते, त्याला वीस लाखांत मोठ्या एसयूव्हीचे चार पर्याय दिसू लागले.

दुसरे कारण जागेचे. दोन्ही गाड्या ५.३ मीटर लांब आहेत. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी धरलेली पार्किंगची जागा अडीच बाय पाच मीटरची आहे. म्हणजे पुणे-नाशिकच्या कोणत्याही सोसायटीत या गाडीचा फाळका शेजाऱ्याच्या वाटेत येणार. शिवाय हौद्यात भार नसेल तर मागचे पाटे उडतात आणि मागच्या सीटवरचे वडीलधारे पुन्हा बसायला तयार होत नाहीत. एकच गाडी बाळगणाऱ्या कुटुंबाला हे परवडत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक कुटुंबे एकच गाडी बाळगतात.

हिशेबनीस

धागाकर्त्यांनी किमतीचे गणित अर्धेच मांडले आहे. पिकअप करआकारणीत मालवाहू वाहनांच्या शीर्षकाखाली येते. त्यामुळे मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर असे एकूण ५० टक्के लागत होते, तेव्हाही पिकअपवर नुसते २८ टक्केच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसयूव्हीवर ४० टक्के आणि मालवाहू वाहनांवर १८ टक्के असा दर झाला आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने प्रवासी मोटारींवरच्या कराची वजावट रोखली आहे, मालवाहू वाहनांवरची नाही. कंत्राटदार, काजू प्रक्रिया कारखान्याचा मालक किंवा सौरपंप बसवणारी संस्था जर फर्मच्या नावावर पिकअप घेऊन खरोखर धंद्यासाठी वापरत असेल, तर त्या १८ टक्क्यांची वजावट मिळवण्याचा युक्तिवाद तिला करता येतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीबाबत अधिकारी आक्षेप घेऊ शकतात, म्हणून वापराच्या नोंदी चोख ठेवाव्या लागतात. पण टोयोटाची फॉर्च्युनर ही मोठी एसयूव्ही घेणाऱ्याला हा दरवाजा बंदच आहे.

म्हणून या गाडीचा दीर्घकाळचा ग्राहक सह्याद्रीत भटकणारा हौशी माणूस नसून तालुक्याच्या गावचा लघुउद्योजक आहे, असे मला वाटते. त्याच्या दारात जागा आहे आणि सोसायटीच्या सचिवाशी त्याचा संबंध नाही.

सह्यवाट

करातील तफावत मान्य आहे, परंतु ती नवी नाही. पूर्वी ५० आणि २८ होते, आता ४० आणि १८ आहेत. अंतर तेच २२ टक्क्यांचे राहिले. दर बदलल्यावर टोयोटाने हायलक्सवर कमाल सुमारे २.५२ लाखांची कपात जाहीर केली आणि फॉर्च्युनरवर ३.४९ लाखांपर्यंत. ज्या गाडीशी हायलक्सची तुलना होते, तिनेच रुपयांत अधिक उतार घेतला. दहा वर्षे जो लाभ उपलब्ध असूनही ग्राहक आला नाही, त्याच लाभाच्या जोरावर तो आता येईल, असे कशावरून मानायचे?

बागायतदार, रत्नागिरी

हिशेबनीस यांनी ज्या लघुउद्योजकाचे वर्णन केले आहे, तसे लोक माझ्या ओळखीत बरेच आहेत आणि मीही त्यांच्यातलाच आहे. आम्ही ही गाडी घेत नाही. डबल केबिन पिकअपचा हौदा जेमतेम दीड मीटर लांब असतो. आंब्याच्या हंगामात वाशीला माल पाठवायचा तर त्यात पेट्या किती मावणार? त्या कामाला बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा लागते, योद्धा २.० तर दोन टन भार घेते. घरच्यांना घेऊन जायला वेगळी मोटार असते. दोन्ही गाड्या मिळून जेवढे पैसे होतात, तेवढे एकट्या हायलक्सला मोजावे लागतात, आणि हायलक्स या दोन्ही कामांत दुसऱ्या क्रमांकावरच राहते.

पावसाळ्यात जांभ्याच्या चढावर, चिखलात, फोर-बाय-फोरचा लो गिअर किती उपयोगाचा असतो हे मी नाकारत नाही. मात्र त्या चार महिन्यांत बागेत नेण्याचे सामान म्हणजे खताच्या गोणी आणि फवारणीचा पंप. ते काम गावातला ट्रॅक्टर करतो.

फिरस्ता

येथे सर्वजण बाजार वाढणार की नाही याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. बाजार न वाढताही एखादी गाडी दीर्घकाळ टिकते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि तीन दशकांहून अधिक काळ अत्यल्प संख्येने, मुख्यतः लष्कराच्या आणि पोलिसांच्या मागणीवर तयार होत राहिली. फोर्स मोटर्सची गुरखा कधीही खपाच्या यादीत वर आली नाही, तरीही ती आहे आणि २०२४ मध्ये तिची पाच दारांची आवृत्तीही निघाली.

या दोन पिकअपचा पाया तर त्याहून भक्कम आहे. हायलक्स कर्नाटकातील बिदडी येथे जुळवली जाते. तिचे २.८ लिटरचे इंजिन फॉर्च्युनरचे आहे आणि सांगाडा ज्या कुळातला आहे, त्याच कुळात इनोव्हा क्रिस्टाही येते. टोयोटाला ती चालू ठेवण्यासाठी वेगळा कारखाना, वेगळी सुटी सामग्री, वेगळे कारागीर असे काहीच लागत नाही, आणि लष्कराच्या उत्तर विभागानेही ती चाचण्यांनंतर ताफ्यात घेतली आहे. इसुझूच्या आंध्र प्रदेशातील श्रीसिटी कारखान्यातून आखाती देशांना आणि इतरत्र निर्यात होते, म्हणून भारतीय ग्राहक कमी असले तरी कारखान्याचे दार बंद होत नाही. भारतात ही गाडी जिवंत राहण्यासाठी भारतीयांनी तिच्यावर तुटून पडण्याची गरजच नाही, आणि माझ्यासारख्या ग्राहकाला तेवढे पुरेसे आहे. गाडी दहा वर्षे ठेवायची असेल तर मला फक्त एवढेच पाहायचे असते की तिचे क्लचप्लेट आणि बेअरिंग दहाव्या वर्षी मिळेल की नाही. सामायिक इंजिनाच्या गाडीत ते मिळते.

पुरवठादार, चाकण

फिरस्ता यांचे म्हणणे बव्हंशी पटते, परंतु निर्यातीच्या आधारावर जगणाऱ्या गाडीची किंमत देशी ग्राहक वेगळ्या प्रकारे मोजतो. डी-मॅक्सची तिसरी पिढी ऑक्टोबर २०१९ मध्ये थायलंडमध्ये आली. भारतात मात्र आजवर आधीच्याच पिढीचा सांगाडा आणि चेहरा विकला जातो, त्यात अधूनमधून इंजिन बदलते, सजावट बदलते, सहा एअरबॅग येतात. जेथे खप नाही तेथे नव्या साच्यांवर खर्च करायला कोणीही तयार होत नाही आणि जुनी गाडी महाग वाटते म्हणून खप वाढत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्याला हे चक्र नवे नाही.

हे चक्र बाहेरून आलेली कंपनी तोडू शकेल, असे मला वाटत नाही. थायलंडमध्ये पिकअप वाढली, कारण तेथील अबकारी कर दीर्घकाळ तिच्या बाजूने राहिला आणि ग्रामीण कुटुंबाने तीच घरची एकमेव गाडी म्हणून स्वीकारली. आपल्याकडे ती जागा बोलेरोने घेतली आहे. म्हणून माझे लक्ष महिंद्रांकडे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी केपटाउनला ग्लोबल पिक-अपची संकल्पना दाखवली. ती स्कॉर्पिओ-एनच्या आधारावर आहे, आणि स्कॉर्पिओ-एन येथे चाकणलाच तयार होते. २०२० मध्ये त्यांचीच नवी थार सुमारे पावणेदहा लाखांपासून आली, तोपर्यंत खडबडीत वाटेची गाडी ही मोजक्या वेड्यांची हौस समजली जात होती. किंमत आणि विक्रेत्यांचे जाळे नीट असेल, तर आपला ग्राहक गैरसोयही आनंदाने विकत घेतो. तशी पिकअप पंधरा ते अठरा लाखांत आली, तर वर्ग वाढेल. व्ही-क्रॉसला मात्र त्याचा फायदा होईल असे वाटत नाही.

हिशेबनीस

बागायतदार यांच्या दोन गाड्यांच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. आंब्याच्या धंद्यात तो बरोबरच आहे. पण ज्याचा माल पेट्यांत नसून अवजारांत आहे, त्याला दीड मीटरचा हौदा पुरतो. बोअरवेल दुरुस्त करणारे किंवा मोबाइल मनोऱ्यांची देखभाल करणारे चार माणसे आणि अवजारे घेऊन डोंगरावर जातात. पुरवठादार म्हणतात तशी अठरा लाखांची देशी गाडी आली तर ही मंडळी पहिल्या रांगेत असतील. तिची नोंदणी मालवाहू म्हणून केली तर महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून हलक्या मालवाहू वाहनांना एकरकमी सात टक्के कर आहे. वीस लाखांवरच्या खाजगी डिझेल मोटारीला पंधरा टक्के मोजावे लागतात.

सह्यवाट

पिवळ्या पाटीची गाडी घेऊन रविवारी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जाणारा ग्राहक मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही. मग ती हौशी पिकअप राहिली कोठे? आणि डिझेलचा मुद्दा अद्याप कोणीच घेतलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासण्यासाठी समिती नेमली. इसुझूने विजेवरची डी-मॅक्स दाखवली आहे, पण एका चार्जमध्ये तिचा पल्ला २६३ किलोमीटर सांगितला जातो. भार लादून, चढ चढून त्यातले किती उरेल?

फिरस्ता

मुंबईत राहणाऱ्याने आज नवी डिझेल पिकअप घेऊ नये, हे मीही म्हणेन. पण पाटण, आंबोली किंवा भंडारदऱ्याला राहणाऱ्याला ती समिती लागू होत नाही, आणि या गाडीचा खरा ग्राहक तेथेच आहे.