मालट्रकसाठी सिंथेटिक ऑइल: जादा पैसे वसूल होतात का?

घाटवळण, नाशिक

माझ्या गाड्या नाशिक परिसरातून न्हावा-शेवा बंदराकडे द्राक्षांचे आणि कांद्याचे कंटेनर नेतात. त्यांतल्या काही बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या) आहेत, काही 2020 नंतरच्या बीएस-6. ऑइल विकणाऱ्या एका प्रतिनिधीने अलीकडे सगळ्याच गाड्यांना सिंथेटिक भरा असा आग्रह धरला आहे आणि त्याचा भाव साध्या ऑइलच्या जवळजवळ दुप्पट आहे. माझे मत असे की महाराष्ट्रात चालणाऱ्या मालट्रकला चांगल्या प्रतीचे 15डब्ल्यू-40 दाटपणाचे मिनरल, म्हणजे साधे, ऑइल वेळच्या वेळी बदलले तर पुरते. त्यावर जादा पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही.

सिंथेटिकचा पहिला गुण म्हणून थंडीत पातळ राहणे सांगितले जाते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो: 15डब्ल्यू ऑइलची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे 20 अंशांवर होते, 5डब्ल्यूची उणे 30 अंशांवर. आमच्या निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला तरी वर्तमानपत्रात बातमी येते, तेव्हा उणे 20 चा विचार आम्ही कशासाठी करायचा? इंजिन गरम झाल्यावर तर हा फरकही उरत नाही, कारण शेवटचा 40 हा आकडा दोन्ही ऑइलना 100 अंशांवर 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) या एकाच पट्ट्यात बसवतो. शिवाय डिझेल इंजिनात ऑइल खराब होते ते मुख्यतः काजळीने, आणि काजळी बादलीवरचे नाव वाचून कमी पडत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कृपया हिशेबासह लिहावे.

डिझेलमापक, चाकण

हिशेब मागितला आहे म्हणून हिशेबच देतो, पण आधी एक हरकत नोंदवतो. तुम्ही थंडीचा मुद्दा खोडून काढलात; आपल्याकडे सिंथेटिकचा उपयोग थंडीसाठी नसून उष्णतेसाठी आहे. मे महिन्यात भरलेली गाडी घाट चढून वर येते, चालक धाब्यावर लावून लगेच इंजिन बंद करतो आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) बेरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथेच करपते. त्याचे काळे कवच दांड्यावर बसत जाते. सिंथेटिक ऑइलचा मूळ घटक अधिक शुद्ध असल्यामुळे तो उष्णतेत उशिरा आंबतो (हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतो) आणि वाफ होऊन कमी उडतो. दोन ऑइलमधला खरा फरक इथे पडतो आणि तो 100 अंशांवरच्या दाटपणाच्या आकड्यात दिसत नाही.

आता पैसे. समजा चेंबरमध्ये 20 लिटर ऑइल बसते, फिल्टर आणि मजुरी मिळून 3,000 रुपये होतात आणि गाडी वर्षाला 1,20,000 किलोमीटर चालते. साधे ऑइल 300 रुपये लिटर धरले तर एका बदलीला 9,000 रुपये लागतात. 40,000 किलोमीटरला बदलले तर वर्षाचे 27,000. सिंथेटिक 600 रुपये लिटर धरले तर एका बदलीला 15,000 लागतात; 80,000 ला बदलले तर वर्षाला सरासरी 22,500. म्हणजे 4,500 रुपये वाचले आणि गाडी गॅरेजात उभी राहण्याचे प्रसंगही निम्मे झाले. यात डिझेलची बचत अजून धरलेलीच नाही. लिटरला 4 किलोमीटर या हिशेबाने वर्षाला 30,000 लिटर डिझेल जळते. ते एक टक्का जरी कमी जळले तरी 300 लिटर, म्हणजे 90 रुपयांच्या भावाने 27,000 रुपये होतात. वर्षभराच्या साध्या ऑइलचा सगळा खर्च त्यातून निघतो.

घाटवळण, नाशिक

हिशेबाबद्दल आभार, पण त्याचे दोन्ही पाय मला लटके वाटतात.

तुमची 4,500 रुपयांची बचत सर्वस्वी 80,000 या आकड्यावर उभी आहे. तुमचेच भाव घेऊन मांडले तर सिंथेटिकची बदली साधारण 66,700 किलोमीटरच्या पुढे गेली तरच ते स्वस्त पडते. 60,000 ला बदलले तर वर्षाचे 30,000 होतात, म्हणजे उलट 3,000 रुपये अंगावर. माझ्या बीएस-4 गाड्यांच्या पुस्तकात बदलीचे जे अंतर छापले आहे ते ऑइल कोणतेही असले तरी तेवढेच आहे. ते दुप्पट करण्याचा अधिकार मला ऑइलच्या बादलीने दिला, असे कंपनी मानणार आहे का?

दुसरा पाय डिझेलचा. एक टक्का बचत होत असेल तर ती पातळ ऑइलमुळे होते, म्हणजे 15डब्ल्यू-40 ऐवजी 10डब्ल्यू-30 वापरल्यामुळे. ऑइल सिंथेटिक असल्याचे श्रेय त्यात कितपत? 5डब्ल्यू-40 सिंथेटिक भरले तर गरम इंजिनात ते साध्याइतकेच दाट राहणार. आणि एक टक्का मोजणार कसा? टायरची हवा, चालकाचा पाय, भरलेला माल, वाऱ्याची दिशा आणि भिवंडी बायपासवरची कोंडी यांपैकी प्रत्येक गोष्ट ॲव्हरेज याहून अधिक हलवते.

घाटाबद्दलही एक सांगायला हवे. माझ्या गाड्या भरलेल्या असतात तेव्हा कसारा उतरतात आणि चढतात त्या बहुतेक वेळा रिकामा कंटेनर घेऊन. टर्बो करपण्याचा उपाय ऑइलमध्ये शोधण्यापेक्षा इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवण्याची सवय चालकाला लावणे फुकट आहे.

डिझेलमापक, चाकण

ती सवय तुमच्या प्रत्येक चालकाला, प्रत्येक धाब्यावर, रात्री दोन वाजता असते असे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकत असाल तर मी टर्बोचा मुद्दा मागे घेतो. दाटपणाबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य आहे. पण 10डब्ल्यू-30 मध्ये दर्जेदार मूळ घटक लागतो, नाहीतर ते ऑइल उडून कमी होते आणि डिपस्टिकवर पातळी घसरत राहते. त्यामुळे हा दाटपणा बाजारात मुख्यतः सिंथेटिक किंवा अर्धसिंथेटिक म्हणूनच मिळतो. दोन गोष्टी कागदावर वेगळ्या करता येतात, बादलीत त्या एकत्रच येतात.

मुरूम-टिपर, सोलापूर

आपण दोघेही हमरस्त्यावरची गाडी डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहात. माझे टिपर खडी क्रशरवर आहेत. दिवसभरात किलोमीटर थोडे होतात आणि इंजिन मात्र तासन्‌तास चालू राहते, कारण डंप उचलताना आणि रांगेत उभे असताना मीटर पुढे सरकत नाही. अशा गाडीला 80,000 किलोमीटर ही भाषाच लागू होत नाही. आम्ही तासांवर ऑइल बदलतो.

क्रशरची धूळ एअर फिल्टरच्या होजमधल्या बारीक चिरेतून आत गेली की ती लायनर-पिस्टन खाते आणि ऑइलमध्ये उतरून बेरिंगपर्यंत पोहोचते. त्यावर एकच उपाय आहे, ऑइल लवकर काढून टाकणे. जे ऑइल लवकर काढायचे आहे ते महाग भरण्यात शहाणपण नाही. माझा मिस्त्री जुन्या ऑइलचा एक थेंब जाड टिपकागदावर टाकतो आणि रात्रभर ठेवतो. थेंब पसरून कडेपर्यंत एकसारखा करडा झाला तर ऑइलमध्ये काजळी धरून ठेवण्याची ताकद शिल्लक आहे. मध्ये गडद काळा ठिपका, त्याला तीक्ष्ण कड आणि बाहेर नुसते तेलकट वलय दिसले तर काजळी खाली बसायला लागली आहे. प्रयोगशाळेची सर या परीक्षेला नाही आणि धूळ तर तिच्यात दिसतच नाही, हे मला माहीत आहे, पण क्रशरवर उभ्या उभ्या ती करता येते.

तेलपारखी, नवी मुंबई

मी वंगणतेलांच्या क्षेत्रात बराच काळ काम केले आहे. इथे मिनरल की सिंथेटिक यावर जो जोर दिला जातो आहे तो मला अस्थानी वाटतो, आणि बीएस-6 गाडीच्या बाबतीत तर घातक. मूळ घटकाचे पाच गट मानले जातात. आजचे चांगले मिनरल 15डब्ल्यू-40 बहुधा दुसऱ्या गटातल्या तेलापासून होते आणि सिंथेटिक म्हणून विकले जाणारे पुष्कळसे ऑइल तिसऱ्या गटातले, म्हणजे कच्च्या तेलावरच हायड्रोजनची अधिक कडक प्रक्रिया करून मिळालेले असते. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा तो नाही.

खरा फरक बादलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो. तिथे एपीआय सीआय-4 प्लस लिहिले आहे की सीके-4 (हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेले ऑइलचे दर्जे), हे आधी वाचावे. बीएस-6 ट्रकच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा गाळणा असतो, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. त्यात साचलेली काजळी तापमान वाढवून जाळता येते. परंतु ऑइलमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताच्या संयुगांची जी राख होते ती जळत नाही. ती गाळण्यात कायमची राहते आणि शेवटी गाळणा काढून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो. म्हणून 2006 च्या सीजे-4 पासून आणि पुढे डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या सीके-4 मध्ये राखेचे प्रमाण वजनाच्या एक टक्क्यावर बांधले गेले. सीआय-4 प्लसला ते बंधन नाही. तेव्हा बीएस-6 गाडीत महागडे सिंथेटिक सीआय-4 प्लस घालणारा मालक साधे मिनरल सीके-4 घालणाऱ्यापेक्षा जास्त पैसे देऊन जास्त नुकसान करून घेतो.

जुन्या गाड्यांना जास्त राखेचेच ऑइल लागते, हा समज दूर करायला हवा. इंधनात गंधक जास्त असले की जळताना आम्ल जास्त तयार होते आणि ते मारायला ऑइलमध्ये राख करणारी आम्लारी (अल्कली) संयुगे जास्त लागतात. बीएस-3 च्या काळात डिझेलमध्ये 350 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 350 भाग) गंधक असे, तेव्हा ही गरज खरी होती. 1 एप्रिल 2020 पासून देशभरच्या पंपांवर 10 पीपीएमचे डिझेल मिळते आणि ते जुन्या गाडीच्या टाकीतही तेच जाते. सीके-4 हे आधीच्या दर्जांच्या जागी वापरता येते, त्यामुळे नाशिकच्या सद्‌गृहस्थांनी दोन्ही प्रकारच्या गाड्यांना एकच सीके-4 15डब्ल्यू-40 ठेवले, तर चुकीची बादली चुकीच्या गाडीत जाण्याचा धोकाही टळेल. मात्र त्याच वेळी आलेले एफए-4 हे पातळ ऑइल मागच्या इंजिनांना चालतेच असे नाही. निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच ते घ्यावे.

डिझेलमापक, चाकण

राखेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्यावरून मिनरल आणि सिंथेटिक सारखेच असे ठरत नाही. मर्सिडीज-बेंझच्या मान्यता यादीत 228.31 आणि 228.51 असे दोन्ही कमी राखेचेच दर्जे आहेत आणि त्यांतला दुसरा लांब अंतराच्या बदलीसाठी आहे. निर्माता स्वतःच दोन पायऱ्या करतो, याचा अर्थ वरच्या पायरीला काहीतरी अधिक टिकाऊपणा मोजून दिलेला आहे.

सफरचंद-फेरी, पिंपळगाव

थंडीची टर उडवणाऱ्यांसाठी एवढेच. आम्ही माल घेऊन थेट काश्मीरपर्यंत जातो. तिकडे हिवाळ्यात पहाटे सेल्फ मारताना 15डब्ल्यू आणि 5डब्ल्यू यांतला फरक बॅटरीला कळतो. अर्थात त्याहून वर लडाखात गेले तर ऑइलच्या आधी डिझेलच गोठते. इंडियन ऑइलने 2019 मध्ये तिकडे उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले ते त्यासाठीच. न्हावा-शेव्याच्या गाडीला यातले काही लागत नाही, हे मलाही मान्य आहे.

घाटवळण, नाशिक

तेलपारखी साहेबांचे उत्तर माझ्या मूळ प्रश्नापेक्षा अधिक उपयोगाचे आहे आणि सगळ्या गाड्यांना सीके-4 मिनरल हा सल्ला मी घेणार आहे. डिझेलमापक यांच्याशी माझा मतभेद मात्र कायम आहे. त्यांचा नफा बदलीचे अंतर ताणण्यात आहे आणि अंतर ताणण्याची परीक्षा माझ्या इंजिनावर होणार आहे.

आणखी दोन गोष्टी कोणी बोलले नाही. पहिली, बऱ्याच बादल्यांमध्ये मिस्त्रीसाठी कूपन असते. कोणते ऑइल चांगले हे मिस्त्री सांगतो तेव्हा कूपन कितीचे आहे हेही विचारून घ्यावे. दुसरी, बनावट मालाची. महागड्या ऑइलच्या रिकाम्या बादल्या भंगारवाले का शोधत फिरतात हे प्रत्येक ट्रान्सपोर्ट नगरात ठाऊक असते. आमच्याकडे बादली रिकामी झाली की तिच्या बुडाला ड्रिलने भोके पाडूनच ती बाहेर जाते. 600 रुपयांच्या नावाखाली कोणी गाळलेले जुने ऑइल भरून गेला, तर त्या 80,000 किलोमीटरचे काय होईल?

डिझेलमापक, चाकण

बनावट मालाचा धोका साध्या ऑइललाही तेवढाच आहे. उपाय म्हणजे अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घेणे. आणि अंतर ताणा असे मी आंधळेपणाने म्हणत नाही. पुस्तकातल्या अंतराच्या पुढे जायचे तर ऑइलचा नमुना तपासल्याशिवाय जाऊ नये, आणि वॉरंटीत असलेली गाडी तर त्या अंतराच्या पुढे नेऊच नये. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बीएस-6 गाडीतही हा प्रयोग करू नये: गाळणा स्वच्छ करण्यासाठी काही इंजिने सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतात, ती क्रिया वारंवार अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. तिथे सिंथेटिकही लवकरच काढावे लागते.

तुमची वॉरंटी संपलेली, लांब पल्ल्यावर चालणारी एक गाडी निवडा आणि तिच्यात दीर्घ बदलीची मान्यता असलेले ऑइल भरा. नमुना इंजिन गरम असताना घ्यावा. ड्रेन बोल्टमधून घ्यायचा असेल तर पहिली धार सोडून द्यावी, शेवटची घेऊ नये, मधल्या धारेतून कोरड्या स्वच्छ बाटलीत भरावा. बाटलीवर गाडीचे एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर आणि मधल्या काळात वरून किती लिटर घातले हे तिन्ही लिहावे. वरून घातलेले लिहायचे राहिले तर झिजेतून ऑइलमध्ये उतरलेल्या लोखंडाचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि झिजणारे इंजिन अहवालात निरोगी ठरते.