मदत हवी आहे: आईची नैराश्य तपासणी, क्लेम बाळाच्या नावावर

अमेरिकेतल्या बालरोग क्लिनिकचं मेडिकल कोडिंग (विमा क्लेमसाठी सेवांना कोड लावणं) करते. २ महिन्यांच्या बाळाची नियमित तपासणी, त्याच वेळी आईने एडिनबर्ग प्रश्नावली (ईपीडीएस, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची) भरली. बाळाच्या क्लेमवर ९९३९१ (बाळाची नियमित तपासणी) आणि ९६१६१ (बाळाची काळजी घेणाऱ्याने भरलेली आरोग्य प्रश्नावली) हे कोड लावले. ९६१६१ नाकारला गेला. ९९३९१ ला मॉडिफायर २५ (तपासणी ही त्याच दिवशीची वेगळी सेवा होती हे सांगणारी खूण) जोडून पुन्हा पाठवला, तरी तेच. लसीही त्याच दिवशी दिल्या होत्या. आई या क्लिनिकची पेशंट नाही, त्यामुळे तिच्या नावावर बिल शक्य नाही.

नोंदीत फक्त 'ईपीडीएस ९/३०' एवढंच आहे. दहाव्या, स्वतःला इजा करण्याच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं लिहिलेलंच नाही (हे मलाच खटकतंय).

बाळाच्या क्लेमवर ९६१६१ ला निदान कोड झेड००.१२९ (बाळाची नियमित तपासणी) जोडायचा की झेड१३.३२ (आईची नैराश्य तपासणी)? आणि आईचा स्कोअर बाळाच्या चार्टमध्ये किती तपशिलाने ठेवता?