अख्खे धान्य घाऊक घेऊन साठवल्यास खरोखर बचत होते का?

हिशेबी

आमच्या पाच जणांच्या घरात धान्याचा खप बऱ्यापैकी आहे. दर महिन्याला किरकोळीने घेतलेल्या धान्यावर होणारा खर्च पाहता, वर्षभराची बेगमी एकदम करावी असे मनात आहे. 50 किलोच्या पोत्यांनी घेतल्यास किलोमागे साधारण पाचवा हिस्सा वाचतो, असे प्राथमिक चौकशीत दिसले. यादीत मुख्यतः गहू आहे. त्याखेरीज ब्राउन राइस, ओट आणि अख्खे हरभरे घ्यायचे आहेत. पीठ विकत न घेता अख्खे धान्यच घ्यायचे ठरवले आहे, कारण ते पिठापेक्षा जास्त टिकते.

साठवणीसाठी एक छोटी खोली आहे. ती एरवी कोरडी असली, तरी उन्हाळ्यात चांगलीच तापते. हे सर्व धान्य वर्षभर तेथे टिकेल का, कीड लागू नये म्हणून आधीच काय करावे आणि मुळात या खटाटोपात वाचलेले पैसे हाती राहतात का, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

कोठावळा

पाचवा हिस्सा वाचतो हा आकडा पोते दारात उतरतानाचा आहे. शेवटचे दळण होईपर्यंत तो तसाच राहील असे गृहीत धरू नये. समजा, किरकोळीत 100 किलो धान्याला जेवढे पैसे लागतात, त्याच्या 80 टक्क्यांत तुम्ही ते घाऊक घेतले. त्यातले 10 किलो किडीने, ओलीने किंवा खवट होऊन गेले, तर 80 टक्के पैशांत 90 किलोच पदरात पडते आणि 20 टक्के वाटलेली बचत 11 टक्क्यांवर येते. 20 किलो गेले, तर किरकोळ आणि घाऊक भाव सारखाच झाला, आणि त्यापुढे सगळा आतबट्ट्याचा व्यवहार. थोडक्यात, भावातली सूट जेवढे टक्के असेल तेवढेच टक्के धान्य वाया गेले की फायदा शून्य होतो. शिवाय पोत्यातल्या धान्यात काडीकचरा, खडे आणि फुटके दाणे असतात. ते निवडून आणि पाखडून झाल्यावर जे वजन उरते, त्याच वजनाने किमतीला भागावे. वाहतूक आणि दळणावळ त्यात मिळवावी. पिंपे आणि डबे अनेक वर्षे चालतात, म्हणून त्यांची किंमत पहिल्याच वर्षाच्या माथी मारण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याकडे नीट विचारून घ्यावी. भावातली मोठी घट बहुतेक वेळा लहान पाकिटावरून 10 किलोच्या पिशवीवर जाताना होते. तेथून 50 किलोच्या पोत्यावर जाताना फारसा फरक पडेलच असे नाही. तो फरक दोन-तीन टक्क्यांचाच असेल, तर पोत्याची जोखीम कशासाठी घ्यायची? फरक मोठा असेल, तर एक पोते दोन-तीन घरांनी वाटून घेणे मला वर्षभराच्या साठ्यापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते, कारण भाव घाऊकचा मिळतो आणि धान्य मात्र थोड्या महिन्यांत संपते.

किती घ्यावे हे ठरवण्यापूर्वी महिनाभर प्रत्येक दळणाचे वजन लिहून ठेवावे. घरातल्या माणसांना आपण काय आणि किती खातो याचा जो अंदाज असतो, तो गव्हाच्या बाबतीत साधारण बरोबर निघतो. ओट आणि हरभरे यांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा फसतो.

स्वस्ताच्या शोधात पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे मात्र चुकूनही घेऊ नये. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले असू शकते. ओळखू यावे म्हणून त्याला पुष्कळदा गुलाबी किंवा तत्सम रंग दिलेला असतो आणि ते धुऊन खाण्याजोगे होत नाही. जनावरांच्या खाद्यासाठी विकलेले धान्यही माणसांच्या खाण्याच्या निकषांवर तपासलेले नसते.

धान्यपारखी

हिशेबाचा भाग वर आलाच आहे; मी धान्याच्या ओलीविषयी आणि किडीविषयी लिहितो, कारण साठा टिकतो की जातो हे डब्यापेक्षा या दोन गोष्टींवर ठरते.

गहू साठवताना त्यातील ओलावा वजनाच्या 12 टक्क्यांच्या आत असावा; 14 टक्क्यांच्या वर गेल्यास बुरशीचा धोका वाढू लागतो. काढणीनंतर लगेच भाव उतरलेले असतात, पण त्याच सुमारास धान्य अंगात ओल धरून असण्याची शक्यताही अधिक असते, हे घाऊक खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. घरगुती परीक्षा सोपी आहे. पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग धान्य आणि त्यात चार चमचे कोरडे, सुटे मीठ घालून झाकण घट्ट लावावे, बरणी हलवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. मिठाचे कण काचेला चिकटले किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या, तर ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक आहे आणि ते धान्य साठवणीच्या लायक नाही. मीठ सुटे राहिले, तर धान्य निदान ओले नाही एवढे कळते. ते वर्षभर टिकेल याची हमी मात्र त्यातून मिळत नाही. दाताखाली दाणा धरून पाहण्याची पद्धतही उपयोगी आहे: कोरडा गहू टचकन फुटतो, ओला दबतो.

बियाण्यांच्या साठवणीत एक जुना ठोकताळा वापरतात. ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरवले, की दाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. खाण्याच्या धान्याला तो अक्षरशः लागू नसला, तरी दिशा तीच आहे. त्यामुळे तुमची तापणारी खोली हीच मला या बेतातली सर्वांत कच्ची बाजू वाटते. घरातली सर्वांत थंड, अंधारी आणि कोरडी जागा निवडावी, मग ती पलंगाखालची का असेना. डबे थेट जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने उबदार झालेल्या डब्यात आतली हवा फिरते, धान्यातली ओल गार भागाकडे सरकते आणि एरवी कोरड्या असलेल्या धान्यातही तेवढ्याच ठिकाणी बुरशी धरते. खाली लाकडी फळ्या आणि मागे वीतभर मोकळी जागा ठेवली, की हे टळते. धान्याला ऊन दिले असेल, तर ते पूर्ण निवल्यावरच भरावे.

आता कीड. ‘डबा हवाबंद होता, तरी कीड कोठून आली?’ असा प्रश्न अनेकांना पडतो, आणि बहुतेक वेळा ती धान्याबरोबरच आलेली असते. सोंड्याची मादी आपल्या सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजवून टाकते. बुजवलेले भोक नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. अळी दाण्याच्या आतच वाढते, गर खाते आणि उबदार हवेत सुमारे महिनाभराने पूर्ण वाढ झालेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. आपल्याला दिसते ते भोक हे त्याच्या बाहेर पडण्याचे असते. एक मादी आयुष्यात 300 हून अधिक अंडी घालू शकते. म्हणून पोते आणल्या दिवशी धान्य स्वच्छ दिसले, यावर विसंबू नये. मूठभर गहू पाण्यात टाकून पाहावा. पोखरलेले पोकळ दाणे वर तरंगतात.

त्यावर घरच्या घरी होणारा सर्वांत भरवशाचा उपाय गोठवण्याचा आहे. उणे 18 अंशाला धान्य आठवडाभर राहिले, तर अंड्यांपासून किड्यांपर्यंत सर्व अवस्था मरतात. पण 15 किलोच्या गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत थंडी पोहोचायला फार वेळ लागतो, त्यामुळे दोन-तीन किलोच्या घट्ट बांधलेल्या पिशव्या पाळीपाळीने ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर गार दाण्यांवर हवेतले पाणी जमते. साधारण 15 अंशांखाली बहुतेक किडींची वाढ थांबते. त्या तापमानाला त्या मरत नाहीत, एवढा फरक लक्षात ठेवावा.

दळणवळण

वरील दोन्ही प्रतिसाद गव्हाला चपखल लागू आहेत, परंतु मूळ यादीतल्या चारही जिनसांना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. ब्राउन राइस वर्षाचा भरू नये. टरफल काढताना त्याच्या कोंड्याचा थर खरचटतो, कोंड्यातले तेल आणि त्याच थरातले विकर (एन्झाइम) एकमेकांच्या संपर्कात येतात आणि साध्या तापमानाला सहा महिन्यांच्या आसपास तो खवट वास मारू लागतो. तुमच्या तापणाऱ्या खोलीत त्याहूनही लवकर. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ हवाबंद स्थितीत पुष्कळ वर्षे टिकतो, म्हणून ब्राउन राइसही टिकेल, हा समज आधी काढून टाकावा. ओटमध्ये तेल आणखी जास्त असते. सोललेला ओट कारखान्यात वाफवून घेतलेला नसेल, तर कडवट होतो. तेव्हा वाफवलेला आहे का, हे विचारूनच घ्यावा आणि तोही थोडा.

हरभरे टिकतात, पण उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यांची साल आणि गर असे बदलतात की ते भिजवूनही मऊ शिजत नाहीत. धान्य वाया जात नाही, इंधन मात्र जाते, आणि हा खर्च हिशेबात कोणीच धरत नाही. गव्हाचे पीठ एका वेळी दोन आठवड्यांपेक्षा जास्त दळून ठेवू नये, कारण दाणा फुटला की त्यातले तेल हवेला उघडे पडते आणि अख्ख्या धान्याचा टिकाऊपणा तेथेच संपतो.

हिशेबी

सर्वांचे मनापासून आभार. गहू सहा महिन्यांचा आणि बाकीच्या जिनसा दोन-दोन महिन्यांच्या घेण्याचे ठरवतो. दोन शंका उरतात. प्राणवायू शोषून घेणाऱ्या पुड्या डब्यात घातल्यास गोठवण्याची गरज राहत नाही का, आणि 20 लिटरच्या बादलीत त्या किती लागतील? दुसरे असे, की एका विक्रेत्याने पोत्यात ठेवायच्या गोळ्या सुचवल्या; त्या घरात वापराव्यात का?

धान्यपारखी

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी संबंधित आहे. अशा गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो आणि बंद घरात त्याने माणसे दगावलेली आहेत. प्रशिक्षित माणसांनी निर्मनुष्य गोदामात वापरायचे ते औषध आहे. निजायच्या खोलीशेजारी तर नाहीच, घराच्या कोणत्याही भागात ते आणू नये.

पुड्यांविषयी. त्यांत लोखंडाची भुकटी असते. ती गंजताना आतला प्राणवायू वापरते. 20 लिटरच्या बादलीत सुमारे 15 किलो गहू मावतो. दाण्यांनी व्यापलेली जागा 11 लिटरच्या आसपास भरते, म्हणजे दाण्यांमधल्या फटींत उरलेली हवा सुमारे 9 लिटर. हवेत 21 टक्के प्राणवायू असतो, म्हणून शोषायचा प्राणवायू 1,900 घनसेंटिमीटर होतो. पुडीवर तिची क्षमता घनसेंटिमीटरमध्ये छापलेली असते. 500 च्या चार पुड्या पुरतात. प्राणवायू एक टक्क्याच्या खाली दोन आठवडे राहिला, तर कीड मरते, त्यामुळे गोठवण्याची गरज खरोखरच उरत नाही. मात्र साध्या प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, म्हणून बादलीत धातूच्या थराची जाड पिशवी घालून ती उष्णतेने सीलबंद करावी लागते. जी बादली रोज उघडायची, तिच्यात पुड्या घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. सहा महिन्यांत संपणाऱ्या गव्हाला त्यांची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुडीविनाही हेच तत्त्व काम करते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधील शेतकऱ्यांच्या चवळीसाठी विकसित केलेल्या तीनपदरी पोत्यांत पॉलिथिनच्या दोन जाड पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते असते. हवा दाबून काढून तोंड घट्ट बांधले, की आतली कीडच उरलेला प्राणवायू संपवते आणि तिची वाढ थांबते. यासाठी पोते काठोकाठ भरलेले हवे. अर्धे रिकामे असेल, तर किडीला पुरेशी हवा मिळत राहते.

कोठावळा

एक भर. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहावी, जुना डबा आधी संपवावा आणि पंधरवड्यातून एकदा झाकण उघडून वास घ्यावा. थोडे सोंडे दिसले, तर तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करून चाळावा, गोठवावा आणि आधी वापरावा. कुबट वास आला किंवा दाण्यांवर हिरवट-काळसर बुरशी दिसली, तर मात्र डब्यातले सर्व धान्य टाकून द्यावे. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन धुऊन, ऊन देऊन किंवा शिजवून भरवशाने जात नाही, आणि चांगले दिसणारे दाणे वेचून काढल्याने ते टळले असे समजता येत नाही. असे धान्य गुराढोरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्याच्या तपासातूनच हे विष प्रथम ओळखले गेले. दुभत्या जनावराने ते खाल्ले, तर त्याचा अंश दुधात उतरतो.