मदत हवी आहे: आजोबांच्या कॉलेजच्या वस्तू कशा जपाव्यात?

आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं बरंच काही सापडलंय: १९५४चा ग्रुप फोटो, स्नेहसंमेलनाची पत्रिका, वसतिगृहाच्या पावत्या आणि मित्रांच्या सह्यांची छोटी वही. एका पानावर हिरव्या शाईत लिहिलंय, 'विसरलास तर बघ!' फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओला बोळाही लावलेला नाही.

पावत्यांच्या टाचण्या गंजल्यात, त्या कशा काढू? फोटो अल्बमच्या काळ्या कागदाला घट्ट चिकटलाय. ओढला तर वरचा थर निघेल अशी भीती वाटते. पानासकटच स्कॅन करावा का? लॅमिनेशन नकोच, ते नंतर सोडवता येत नाही. आम्लमुक्त कागदाची पाकिटं पुरेशी होतील का? आजोबांना ही वही अधूनमधून हातात घ्यायची असते, त्यामुळे बंद करून ठेवायची नाहीये. असं काम स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावं.