ऑटिझमचं निदान झालं की सरसकट जनुकीय तपासणी: हवी की नको?

सातपुडा
ऑटिझमचं निदान झालं की हल्ली हातात लगेच एक्सोमची (प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी) चिठ्ठी पडते. माझं मत, सरसकट नको. निदान वागणुकीवरून होतं, रक्तावरून नाही. अपंगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारीसुद्धा आयएसएए या ऑटिझमच्या भारतीय मोजपट्टीवर ठरते, तिथं जनुकांचा अहवाल कुणी मागत नाही. अहवाल काहीही येवो, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुटत नाही. मग तेच पैसे थेरपीला का लावू नयेत?

केतकी
थेरपी तीच, पण देखरेख तीच नाही ना! टीएससी1 किंवा टीएससी2 या जनुकांत दोष निघाला (अनेक अवयवांत गाठी होणारा आजार) तर मेंदू, मूत्रपिंडं, डोळे, हृदय सगळं तपासत राहावं लागतं. डोक्याचा घेर खूप मोठा आणि पीटेन या जनुकात दोष असेल, तर कर्करोगाच्या धोक्यामुळे थायरॉइडची सोनोग्राफी लहानपणापासून. एससीएन1ए जनुकामुळे ड्राव्हे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा फिट्सचा गंभीर आजार) असेल तर कार्बामाझेपिन या फिट्सवरच्याच औषधानं फिट्स वाढतात, म्हणजे औषधच बदलतं.

शिवाय दुसऱ्या मुलाचा प्रश्न. एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला होण्याचं प्रमाण सुमारे 20 टक्के. पहिल्याच्या ऑटिझमचं कारण ठरणारा बदल आईवडिलांत नाही, मुलात नव्यानं घडलाय असं दिसलं, तर तोच बदल पुन्हा येण्याची शक्यता साधारण 1 टक्का. आई फ्रॅजाइल एक्सची (बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम घडवू शकणारा, एक्स गुणसूत्रावरचा आजार) वाहक निघाली, तर दर गरोदरपणात ते जनुक पुढं जाण्याची शक्यता 50 टक्के. हे आधी कळलेलं बरं की नंतर?

सातपुडा
सापडलं तर! गोंधळ इथंच होतो. 2019 च्या पाच देशांतल्या 20 लाख मुलांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा 80 टक्के आला. पालक तो आकडा ऐकतात आणि तपासणीत 80 टक्के वेळा कारण सापडेल असं धरून चालतात. प्रत्यक्षात नुसता ऑटिझम असेल तर मायक्रोअ‍ॅरेत (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी) दहातल्या एखाद्याच मुलात काही हाती लागतं. एक्सोममध्ये थोडं जास्त, इतकंच. कारण मोठा वाटा हजारो बारीकसारीक, सगळ्यांतच आढळणाऱ्या फरकांचा आहे. त्यांची बेरीज करून एका मुलाचं निदान आजतरी होत नाही. बाकीच्यांतल्या अनेकांच्या पदरात काय, तर व्हीयूएस, म्हणजे 'अर्थ अनिश्चित'. तो कागद घेऊन आईबाप महिनोन् महिने इंटरनेट उपसत बसतात.

आडवळण
व्हीयूएसचा निम्मा त्रास नमुना पाठवतानाच टाळता येतो. एकट्या मुलाचं रक्त पाठवू नका, आईवडिलांचंही सोबत द्या (ट्रायो). निरोगी बापातही तोच बदल दिसला की तो बदलच कारण असण्याची शक्यता बरीच उतरते.

जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी, 2 ते 3 मिली. हिरव्या टोपीची नको, त्यातलं हेपरिन पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) आडवं येतं. अर्जावर नात्यातलं लग्न असेल तर स्पष्ट लिहा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, ते लोक सांगत नाहीत आणि मग दोन्हीकडून एकच दोष आल्याची शक्यता वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

आणि एक्सोम निगेटिव्ह म्हणून फ्रॅजाइल एक्स नाही, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. त्या आजाराच्या एफएमआर1 जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं किती वेळा येतात, ती पुनरावृत्ती एक्सोमला मोजता येत नाही. 200 च्या वर गेली की आजार, 55 ते 200 म्हणजे प्रीम्युटेशन (वाहकाची अवस्था). त्याची पीसीआर वेगळी सांगावी लागते.

बोरूबहाद्दर
वैद्यकीय बाजू ठीक. पण अहवाल आला की घरात 'कुणाकडून आलं' सुरू होतं आणि बोट बहुतेक वेळा आईकडं. एकेकाळी 'थंड आई'वर खापर फोडायचे, आता जनुकांवरून फोडतील.

केतकी
म्हणून समुपदेशन रक्त घेण्याआधी हवं, अहवालानंतर नव्हे. नव्यानं घडणारे बदल तर बापाच्या वयाबरोबर वाढतात, त्यात आईकडं बोट कसलं?

सातपुडा
बरं, मग माझी अट अशी: फिट्स, बौद्धिक अक्षमता, डोक्याचा फार मोठा किंवा लहान घेर, चेहऱ्याची वेगळी ठेवण, आलेली कौशल्यं जाणं, किंवा पुढचं मूल हवं असणं. यातलं काही असेल तरच तपासणी.

आडवळण
फ्रॅजाइल एक्स लहानपणी चेहऱ्यावर दिसेलच असं नाही, तुमच्या चाळणीतून तो सुटेल. निदान तेवढी पीसीआर आणि मायक्रोअ‍ॅरे सगळ्यांची करा, एक्सोमला तुमची अट लावा. आणि 'ऑटिझम पॅनेल'च्या यादीत एमटीएचएफआर हे जनुक असेल तर ते खोडायला सांगा. त्यातले फरक निम्म्या जगात सापडतात.