बीपीसाठी सैंधव वापरलं तर चालेल का?

कोथरूडकर
घरात चौघं मोठी माणसं. एकाचं बीपी १५०/९५, गोळी सुरू आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. १ किलोची पुडी साधारण २५ दिवसांत संपते. नेमकं किती कमी करायचं? की सरळ सैंधव आणावं?

आमसूल
१००० ग्रॅम ÷ २५ दिवस ÷ ४ माणसं = माणशी १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्या हिशोबाने पुडी ५० दिवस तरी पुरायला हवी. बाहेरून येणारं लोणचं, फरसाण, खारी, ब्रेड यातलं मीठ वेगळंच.

सकाळीच चौघांचं मिळून ३ सपाट चमचे मीठ वाटीत काढा आणि दिवसभर त्यातूनच घाला. उरलेला एक चमचा पाकिटांच्या नावावर. कणीक, भाकरी, भात बिनमिठाचेच करा, आमटी-भाजीसोबत कुणाला कळतही नाही. मात्र हे ३ चमचे हळूहळू गाठायचे, एकदम निम्मं करू नका, जेवण अळणी लागतं आणि ताटात लोणचं-पापड शिरतात. आठवड्याला थोडं थोडं उतरवा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर लिंबू, आमसूल, जिऱ्याची फोडणी आहेच. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, चव पातळ होते आणि वरून पुन्हा चिमूट पडते.

जिरेमोहरी
सैंधवाने काही साधणार नाही. तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, वर बरेचदा आयोडीन नसतं.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिग्रॅ सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. खायचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असतं, पण खारट लागत नाही म्हणून ढोकळा आणि पापड हिशोबातून सुटतात.

कोथरूडकर
मग दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं ते?

जिरेमोहरी
त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीची गोळी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी गोळीचं नाव बघा, डॉक्टरांना विचारा, मगच आणा. आणि मीठ कमी केलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.